तीन मुक्कामांची शर्यत

लिंबाजी कुठंही मुक्कामाला राहत नसे. बोरीच्या आमच्या सरकारी दवाखान्यात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती आणि तिच्यावर प्रत्येकानं आपापल्या वकुबाप्रमाणं विनोद करून झाले होते. मी तिथं कंपाउंडर होतो आणि माझा वकूब बेताचाच असल्यामुळं मीही बायकोच्या धाकाचा जुनाच विनोद दोन-चारदा केला होता. लिंबाजी हसायचा. "उजाडू तर द्या," म्हणायचा आणि सायकलवर टांग मारायचा. या बोलण्याचा कशाशी काही संबंध नसे. पगार कधी होणार, पाऊस कधी पडणार, साहेब कधी येणार, काहीही विचारलं तरी त्याचं हेच उत्तर असायचं.

तो हिवताप खात्याचा कर्मचारी होता, म्हणजे लोकांच्या भाषेत मलेरियावाला. उंच, काटक, चाळिशीच्या आसपासचा. अंगावर खाकी कपडे, आणि पँटचा उजवा पाय चेनमध्ये अडकू नये म्हणून घोट्याशी सुतळीनं बांधलेला. ही सुतळी मी त्याच्या भाचीच्या लग्नातही पाहिली आहे. चोवीस इंची काळी सायकल, तिच्या कॅरिअरवर लाकडी पेटी आणि पेटीत काचपट्ट्या, सुया, कापूस, स्पिरिट, गोळ्या. दारोदार जाऊन विचारायचं, "ताप हाय का कुणाला?" कुणी फणफणलेला निघाला की बोटाला सुई टोचून काचेवर रक्ताचे थेंब घ्यायचे, गोळ्या द्यायच्या आणि दाराशेजारी भिंतीवर गेरूनं चौकट काढून त्यात तारीख टाकायची. महिन्यातून दोनदा प्रत्येक गाव. शेजारच्या दोन जागा रिकाम्या होत्या, त्यांचीही गावं त्याच्याच गळ्यात होती. त्यातली कित्येक जिंतूरकडच्या डोंगरात, जिथं गाडीवाट संपून पायवाट लागायची.

दुसरा कुणी असता तर त्या गावांना गेल्यावर एखादी रात्र शाळेत काढून दुसऱ्या दिवशी पुढं गेला असता. खात्याची त्याला ना नव्हती. लिंबाजी मात्र कितीही लांब गेला तरी दिवेलागणीला आपल्या गावात परत. त्याचं गाव बोरीपासून दोन कोसांवर होतं. सकाळी डोंगर चढायचा, दिवसभर सुया टोचायच्या, संध्याकाळी डोंगर उतरून वाऱ्यासारखं घर गाठायचं. दोनदा त्याला सुपरवायझरची बढती आली आणि दोनदा त्यानं ती नाकारली, कारण सुपरवायझरला दौऱ्यावर राहावं लागतं. सरकारी नोकरीत बढती नाकारणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

आणखी एक सवय होती. तो स्वतःचा अॅल्युमिनियमचा ग्लास बरोबर ठेवायचा. कुठंही चहा-पाणी आलं की पेटीतून ग्लास पुढं. मी दोन वर्षं हे खात्याच्या स्वच्छतेचं वळण समजत होतो आणि एकदा सगळ्यांसमोर त्याचं कौतुकही केलं. त्यानं ग्लास पुसून पेटीत ठेवला. लिंबाजी बौद्ध, आणि त्याच्याकडच्या बहुतेक गावांत कपबशी पुढं करताना समोरच्याचे हात कसे अडखळतात हे त्याला पाठ होतं. ती अडखळ समोरच्यावर येऊच नये म्हणून तो ग्लास काढत असे. हे कळायला मला दोन वर्षं लागली, याची लाज मला आजही वाटते.

शर्यतीचं खूळ डॉक्टरांचं. आमचे डॉक्टर नवे होते, पुण्याकडचे, तरुण. जिल्ह्यातल्या एका क्रीडा मंडळानं चार दिवसांची सायकल शर्यत जाहीर केली होती. डांबरी रस्ता टाळून मुद्दाम गाडीवाटांनी आणि डोंगरांतून आखलेली. पहिल्या दिवशी परभणीहून बोरीमार्गे जिंतूर, दुसऱ्या दिवशी जिंतूरहून पाथरी, तिसऱ्या दिवशी पाथरीहून गंगाखेडच्या पलीकडं डोंगर चढून राणीसावरगाव आणि चौथ्या दिवशी तिथून परत परभणी. चारही दिवसांच्या वेळांची बेरीज करून पहिला नंबर काढायचा. डॉक्टरांनी पत्रक टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "लिंबाजी, हे तर तुमचं रोजचंच काम आहे."

लिंबाजीनं पत्रक हातात घेतलं. वाचायला त्याला वेळ लागला. मग म्हणाला, "तीन मुक्काम हायत की."

"तेवढे असणारच."

तो पत्रक घेऊन बाहेर गेला, औषधाच्या खोलीसमोर बराच वेळ उभा राहिला आणि परत येऊन म्हणाला, "नाव घाला माजं." उजाडू तर द्या म्हणाला नाही. मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

त्याची तयारी पाहणं हे त्या हिवाळ्यातलं आमचं मोठं सुख होतं. त्यानं सायकलचा मडगार्ड काढला, स्टँड काढला, चेनकव्हर काढलं. पेटी मात्र काढेना. पेटीशिवाय गाडी उधळती, म्हणे. दगडावर हवा कमी ठेवायची, मुरमावर थोडी जास्त, हे तो अंगठ्यानं टायर दाबून ठरवायचा. अंगठा हलवत माझ्या तोंडासमोर धरून म्हणायचा, "ह्यो माजा मीटर." चढावर सायकल खांद्यावर घेऊन पळायचा सराव करायचा, कारण काही ठिकाणी वाट अशी होती की बसून चालवण्यापेक्षा उचलून पळालेलं बरं. भाकरीत तीळ कुटून घालायला बायकोला सांगितलं होतं. त्याची बायको सुंदराबाई मोठी रोखठोक. मला म्हणाली, "कंपौंडर, ह्येंच्या पायाला काई सराव नगं. दुसराच सराव करायलेत ह्ये. भिंत बघा जरा."

मी त्यांच्या घराची भिंत पाहिली. दाराशेजारी गेरूची चौकट, अगदी खात्यातल्यासारखी. एका बाजूला गावाचं नाव, तारीख आणि पुढं आकडा. 'पाथरी – ०.' 'जिंतूर – १.' मला वाटलं पंक्चर असतील. सुंदराबाई म्हणाली, "झोप हाय ती. किती तास लागली ते ल्हितेत."

तेव्हा कळलं की दर शनिवारी हा माणूस शर्यतीच्या एका एका मुक्कामाला जाऊन झोपून पाहत होता. पाथरीला तो एसटी स्टँडवर पहाटेपर्यंत यात्रेकरूंशी गप्पा मारत बसला आणि एक मिनिटही न झोपता सायकलवर परत आला. जिंतूरला एका ओळखीच्या मास्तरांकडं उतरला, तिथं जेमतेम तासभर डोळा लागला. मी कंपाउंडर असल्यामुळं माझ्याकडं प्रत्येक गोष्टीवर गोळी असते. मी झोपेची गोळी पुढं केली. त्यानं ती परत माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाला, "गोळीनं येती ती झोप न्हाई. पाडून ठिवल्यावानी हाय ते."

झोप न लागण्याचं कारण त्यानं मला जिंतूरच्या चढावर सांगितलं. जड ओझं घेऊन चढायचा सराव त्याला करायचा होता आणि वाळूचं पोतं कॅरिअरवर नीट बसेना, म्हणून डॉक्टरांनी मला बसवलं. माझं वजन तेव्हाही दवाखान्यात चर्चेचा विषय होता. मी मागं बसलेलो, तो पुढं पायडल मारतोय, मला दिसतेय फक्त त्याची घामानं चिकटलेली पाठ. समोरासमोर तो हे कधीच बोलला नसता.

"अठ्ठ्याहत्तरला," तो म्हणाला, "मी डोंगरातल्या एका गावात शाळंत झोपलो हुतो. ड्युटीवर. लय झोप लागली. सकाळी तिथल्या गुरुजीनं खांदा हलवून उठिवलं. म्हणला, लिंबाजी, तुमच्या गावाकडं गडबड झाली. मी आलो तवा आमची गल्ली जळून थंडी झालती."

विद्यापीठाच्या नामांतराच्या वादात त्या वर्षी दलित वस्त्यांचं काय काय झालं ते मला ठाऊक होतं. पण ते मला वर्तमानपत्रातून ठाऊक होतं.

"माणसं?"

"नाल्यात लपली हुती. समदी वाचली. पोरगी तवा तान्ही हुती, ती बी वाचली. पर मी झोपलो हुतो."

"तुम्ही तिथं असता तरी काय केलं असतं, लिंबाजी?"

"काईच न्हाई," तो म्हणाला. चढ संपेपर्यंत पायडल मारत राहिला. मग सायकल थांबवून, माझ्याकडं न बघताच म्हणाला, "पर जागा असतो."

म्हणून तो मुक्काम करत नव्हता. म्हणून इतकी वर्षं रोज संध्याकाळी डोंगर उतरून घर गाठत होता आणि म्हणूनच त्याचे पाय असे झाले होते. आम्ही सगळे बायकोच्या धाकाचे विनोद करत होतो. त्या शर्यतीत त्याला नंबराची फिकीर नव्हतीच असं मी म्हणणार नाही, होती, चांगलीच होती. पण त्याला त्याहून मोठं काही परत हवं होतं. परक्या गावात पाठ टेकून झोपता यावं, एवढंच. बढतीचा कागद तिसऱ्यांदा येणार होता आणि पोरगी आता दहावीला होती. तिनं विचारलं होतं, बाबा, तुमी सायब कामून होत न्हाई.

राणीसावरगावच्या सरावाची गोष्ट मात्र त्यानं हसत हसत सांगितली. शनिवारी तो तिथं पोचला, मारुतीच्या देवळाच्या पारावर पथारी टाकली, शेजारी सायकल. खाकी कपडे आणि कॅरिअरवर पेटी. आता त्या भागात खाकी आणि पेटी म्हणजे एकच गोष्ट: उद्या फवारणी. फवारणी आली की घरातलं सगळं बाहेर काढावं लागतं, नाहीतर औषधाचा वास पिठामिठाला लागतो. रात्रीतून गल्लीत बातमी फिरली. सकाळी लिंबाजीला भांड्यांच्या आवाजानं जाग आली तर गल्लीभर पितळी हंडे, पोती, पाळणे, उतरंडी, देव्हाऱ्यातले देव, सगळं उन्हात मांडलेलं आणि बायका ताटकळत उभ्या.

"मी म्हणलो, बाई, मी फवारणीचा न्हाई. मी नुसता झोपाय आलतो."

गयाबाई नावाची एक म्हातारी होती, घरची शेतीवाडी असलेली, गल्लीत तिचा दरारा. ती म्हणाली, "झोपाय? तुला घरी बाज न्हाई व्हय? आता हे आत कोण ठिवणार? तूच ठिव."

लिंबाजीनं हंडा उचलला आणि उंबऱ्याशी थांबला. "आत येऊ का?"

"मंग काय बाहीरून फेकतोस भांडी?"

दुपारपर्यंत तो त्या गल्लीतली पोती आत नेत होता. मध्येच म्हातारीनं नाव विचारलं, गाव विचारलं, कोण म्हणून विचारलं. त्यानं सरळ सांगितलं. म्हातारीचे हात अडखळले. त्यानं हातातला हंडा खाली ठेवला आणि जायला वळला. तेव्हा ती म्हणाली, "ते मोठं पोतं राह्यलं की."

हे सांगताना लिंबाजी इतका हसला की त्याला ठसका लागला. भिंतीवर त्यानं आकडा लिहिला: 'राणीसावरगाव – २.'

शर्यतीत जखमांना मलमपट्टी करायला मंडळानं दवाखान्याकडं माणूस मागितला आणि डॉक्टरांनी मला जीपमध्ये घालून दिलं. त्यामुळं चारही दिवस मी पाहिले. परभणीला सुटायच्या जागी औरंगाबाद-नांदेडकडची कॉलेजची पोरं होती, चकचकीत हलक्या सायकली, डोक्याला रुमाल. लिंबाजीच्या पेटीकडं बघून एकानं विचारलं, "काका, आइसफ्रूट आहे का?" लिंबाजीनं पेटीचं झाकण उघडून त्याला सुई दाखवली.

पहिल्या दिवशी जिंतूरला तो तिसरा आला. पोरांच्या पातळ टायरांनी डोंगरातल्या दगडांपुढं मान टाकली होती, आणि हा प्रत्येक दगडाला ओळखीचा असल्यासारखा वळसा घालून येत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे डोळे लाल होते. "किती?" मी विचारलं. त्यानं एक बोट दाखवलं आणि तेही अर्ध्यातून दुमडलं. तरी पाथरीला तो दुसरा आला. त्या रात्रीही झोप नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं सुतळी आधी डाव्या पायाला बांधली आणि मग सोडून उजव्याला. मी म्हणालो, "लिंबाजी, सोडा. पाय असून उपयोग नाही, माणूस पडेल कुठंतरी."

"पडलो तर तुमी हायतच की टिंचर घेऊन," तो म्हणाला.

तिसरा दिवस सगळ्यांत अवघड होता. गंगाखेडच्या पुढचा चढ, मुरूम, वर ऊन. जीपमधून मला दिसत होतं, पुढची दोन पोरं उतरून सायकली ढकलत होती आणि लिंबाजी सायकल खांद्यावर घेऊन त्यांच्या बाजूनं पळत वर गेला. पळणं म्हणजे काय, त्याचं तोंड काळंठिक्कर पडलं होतं आणि ओठ हलत होते. शाळेतलं पोर पाढे म्हणतं तसं काहीतरी तो पुटपुटत होता. मला त्या क्षणी त्याचा इतका अभिमान वाटला की मी जीपच्या ड्रायव्हरला उगाचच सांगून टाकलं, हा आमच्या दवाखान्याचा माणूस. राणीसावरगावला तो पहिला आला, आणि तिन्ही दिवसांची बेरीजही त्याचीच सगळ्यांत कमी. मागच्या पोरापेक्षा चार मिनिटांनी. आता उरला शेवटचा टप्पा, तोही बराचसा उताराचा. नुसतं परभणीला पोचायचं होतं.

स्पर्धकांची झोपायची सोय शाळेत होती. संध्याकाळी गयाबाई काठी टेकत शाळेत आली आणि सगळ्यांसमोर लिंबाजीला म्हणाली, "हितं ढेकणं हायत. माज्या ओसरीवर ये. बाज टाकलीय." तो माझ्याकडं बघायला लागला. मी म्हणालो, जा. तो पेटीतून ग्लास काढायला वाकला तर म्हातारी म्हणाली, "राहू दे ते डबडं. घरात कपबश्या हायत आमच्या."

सकाळी सातला शिट्टी होती. शिट्टीच्या वेळी जो रेघेवर नसेल तो बाद, असा नियम पहिल्या दिवशीच वाचून दाखवला होता. पावणेसातला सगळी पोरं रेघेवर आली, लिंबाजीचा पत्ता नाही. तो नेहमी सगळ्यांच्या आधी हजर असायचा. मी गयाबाईच्या घराकडं जवळजवळ पळतच गेलो.

ओसरीवर बाजेवर लिंबाजी झोपला होता. तोंड उघडं, एक हात बाजेखाली लोंबकळतोय, पायाची सुतळी सोडून उशाशी ठेवलेली. गोधडी छातीपर्यंत ओढलेली. गयाबाई पायरीवर बसून काठीनं कोंबड्या हाकलत होती. मला बघून तिनं तीच काठी माझ्याकडंही हलवली.

"त्याची शर्यत आहे," मी हळू आवाजात म्हणालो. "सातला सुटते. तो पहिला आहे."

"मला काय सांगतोस? उठीव की मंग," ती म्हणाली.

मी वाकलो. माझा हात त्याच्या खांद्यापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. त्याचा श्वास लांब, सावकाश चालला होता. इतक्या वर्षांत या माणसाला मी कधी झोपलेलं पाहिलं नव्हतं. दुपारी औषधाच्या खोलीत सगळे पेंगायचे तेव्हाही हा काचपट्ट्या पुसत असायचा. परभणीला त्याला हार घालतील, पेपरात नाव येईल, पोरगी कात्रण जपून ठेवेल, हे सगळं माझ्या डोक्यात येऊन गेलं. तरी हात पुढं जाईना. मी तो मागं घेतला आणि पायरीवर गयाबाईच्या बाजूला बसलो. शाळेकडून शिट्टी ऐकू आली, मग पोरांचा गलका. मग कोंबड्यांशिवाय काहीच ऐकू येईना. मी चूक केली असेल. पण तशी वेळ परत आली तर मी परत तेच करीन.

पायावर ऊन आलं तेव्हा तो आपण होऊन जागा झाला. मला पाहिलं, उन्हाकडं पाहिलं.

"सुटली?"

"सुटली. बराच वेळ झाला."

तो रागावणार म्हणून मी मनात उत्तर जुळवत होतो. पण त्यानं मला काही विचारलंच नाही. तो गयाबाईला म्हणाला, "मी रातभर झोपलो?"

"झोपलास? घोरून घोरून आमाला जागं ठिवलंस," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली, एखादी तारीख बरोबर आहे म्हणून हलवावी तशी. मला न्यायला परत आलेल्या जीपचा हॉर्न शाळेसमोर वाजायला लागला होता आणि मला निघणं भाग होतं. मी उठून चपला घातल्या आणि येतो म्हणायला वळलो, तर लिंबाजीनं गोधडी डोक्यावर ओढून घेतली होती आणि भिंतीकडं कूस बदलून तो परत झोपला होता.